उतारवय आणि डोळ्यांची निगा

वाचायच्या चष्म्याला आपण मराठीत ‘चाळिशी’ म्हणतो. वयाचे नाव चष्म्याला मिळाले, याचे कारण उघड आहे. चाळीस वर्षे उलटली की डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते. जवळचे पाहताना त्याला किंचित फुगावे लागते, ते त्याला जमेनासे होते. मग सातबाराचा उतारा हातभर लांब धरावा लागतो आणि सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारावी लागते. मी स्वतः उत्तरपत्रिका तपासायला बसलो की चाळिशी चढवतो. यात रोग नाही आणि लाजण्यासारखेही काही नाही.

पण चाळिशीच्या पुढचे सगळेच अंधुकपण असे निरुपद्रवी नसते. ‘आता वय झालं, कमीच दिसायचं,’ हे वाक्य सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही गावात ऐकू येते. दुसरे वाक्य त्याहून घातक : ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकू द्या.’ आज मला या दुसऱ्या वाक्याविषयीच बोलायचे आहे.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले पारदर्शक भिंग गढूळ होणे. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत तो पक्का होईपर्यंत थांबत असत आणि नंतर रोग्याला जाड भिंगाचा चष्मा जन्मभर वापरावा लागे. कृष्णाकाठी ही गोष्ट नवी नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले आणि पुढे मिरज ही रोग्यांची पंढरीच झाली. सांगली-मिरजेची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. ‘पिकू द्या’ हा सल्ला त्या जुन्या काळाचा. त्या काळी तो योग्यही होता.

पुढे विद्या बदलली. लंडनमध्ये डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली प्रथम डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग काढतात आणि नवे आत ठेवतात. बहुतेक रोगी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. त्यामुळे रोजच्या कामाला अडचण होऊ लागली की शस्त्रक्रियेची वेळ आली, असे समजावे. उलट फार पिकलेला मोतीबिंदू कधी कधी डोळ्यातला दाब वाढवतो. डोळा लाल होऊन ठणकू लागतो. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब, अंजन किंवा पाल्याचा रस अजून तरी कोणाला सापडलेला नाही.

मात्र थांबण्यातला खरा धोका वेगळाच आहे. आपण ज्याला मोतीबिंदू समजून बसतो, तो काचबिंदू असू शकतो. नावे सारखी, पण दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर. डोळ्यात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बारीक वाटेने निघून जातो. शेताच्या चरात गाळ साचला की पाणी तुंबते, तशी ही वाट तुंबली की आतला दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू सुकते. नजर कडेकडून आत जाते. समोरचे नीट दिसते, म्हणून माणूस निर्धास्त असतो. फक्त दाराच्या चौकटीला खांदा लागतो, बाजूने आलेली सायकल दिसत नाही. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली मिळत नाही. उरलेली तेवढी औषधाने राखता येते. आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर आपण विशेष जपले पाहिजे.

काचबिंदूचा एक प्रकार अचानक येतो. डोळा लाल, डोके ठणकते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि उलट्या होतात. घरचे म्हणतात, ‘पित्त झालंय, पडू द्या जरा.’ अशा वेळी पडू देऊ नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मधुमेह असणाऱ्यांनी तर तक्रार नसतानाही वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या आधी बिघडतात, नजर मागाहून जाते. विडी-सिगारेट सोडणे हीही डोळ्यांची निगाच आहे. धुराने मोतीबिंदू लवकर येतो.

आपल्या उसाच्या मुलखाची आणखी एक गोष्ट. उसाचे पाते डोळ्याला कापून गेले की कोणी मध घालते, कोणी दुकानातून मागच्या वेळचेच थेंब आणते. अशा जखमेत बुरशी शिरते आणि त्या थेंबांत स्टिरॉइड असले तर ती फोफावते. बुबुळावर पांढरा डाग पडून डोळा जाऊ शकतो. डोळा स्वच्छ पाण्याने धुवावा आणि डॉक्टरकडे जावे. दुसरे काही घालू नये.

आता करायचे काय? घरच्या घरी एक तपासणी करा. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे आधी एक डोळा झाकून वाचा, मग दुसरा झाकून. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो, म्हणून हा खटाटोप. लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच वाचा. फरक दिसला तर डॉक्टरांना दाखवा. न दिसला तरी चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी आणि साठीनंतर दर वर्षी दाब व पडदा तपासून घ्या. बाजारातून तयार चष्मा घेतला म्हणजे ही तपासणी होत नाही. साताऱ्याच्या, सांगलीच्या शासकीय रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता टांगून आपण मुलांची नजर पाहता. पालकसभेच्या दिवशी तोच तक्ता आजी-आजोबांसाठी अर्धा तास ठेवा. एक-एक डोळा झाकायला लावा आणि ज्याला कमी दिसते त्याचे नाव कागदावर लिहून मुलाच्या हाती घरी पाठवा. आजोबा डॉक्टरचे ऐकणार नाहीत कदाचित, पण नातवाने चिठ्ठी वाचून दाखवली तर एस.टी.त बसतील.