देशाटनाची सुट्टी

(उन्हाळी सुट्टीच्या प्रारंभी महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, ‘सुट्टीत काय करणार?’ त्याची उत्तरेही आता ठरून गेली आहेत. एक तर पुढील वर्षाचा अभ्यास आधीच सुरू करून देणारा क्लास. नाही तर सहा दिवसांत दहा ठिकाणे दाखवून परत आणणारी सहल. आणि ही दोन्ही नसतील तेव्हा हातातला मोबाइल. या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. विद्यार्थ्याला स्वतः काहीही ठरवावे लागत नाही. क्लासचे वेळापत्रक दुसऱ्याने आखलेले असते, सहलीतील जेवणाची वेळसुद्धा दुसऱ्याने ठरवलेली असते आणि पडद्यावर पुढे काय दिसावे हेही दुसराच कोणी ठरवीत असतो. वर्षातील दहा महिने शिस्तीत घालवल्यानंतर जे थोडे दिवस विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मालकीचे असतात, तेही असे परस्वाधीन होऊन जातात.

देशाटन हे शहाणपणाचे एक प्रमुख साधन आहे, असे या देशातील जुन्या सुभाषितकारांनी सांगून ठेवले आहे. त्यांनी पंडितांच्या सहवासाबरोबर आणि शास्त्रांच्या अभ्यासाबरोबर देशाटनाची गणना केली. करमणुकीच्या साधनांत केली नाही. हे वर्गीकरण लक्षात घेण्याजोगे आहे. देश हिंडणे हाही अध्ययनाचाच प्रकार होय, ही त्यामागील दृष्टी आहे.

वरसईचे दोन प्रवासी

रायगड जिल्ह्यात पेणजवळ वरसई नावाचे गाव आहे. या एका गावाने महाराष्ट्राला दोन विलक्षण प्रवासी दिले. पहिले विष्णुभट गोडसे. घरची गरिबी, डोक्यावर कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे दक्षिणा मिळेल, ही वार्ता कानी आली आणि हा तरुण भिक्षुक आपल्या काकांसह १८५७ साली घराबाहेर पडला. वाटेत महूच्या आसपास स्वातंत्र्यसमराच्या वणव्याची वार्ता कळली. तेथून मागे फिरणे शक्य होते. तो पुढे गेला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. नगर लुटले जाताना त्याने डोळ्यांनी पाहिले आणि त्या लुटीत त्याच्याजवळचेही गेले. द्रव्य मिळवण्यासाठी निघालेला हा माणूस अखेर खांद्यावर गंगेची कावड घेऊन परतला आणि त्या जलाने त्याने आईवडिलांना स्नान घातले. पुढे अनेक वर्षांनी त्याने ही हकिकत लिहून काढली आणि १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. सत्तावन्नच्या समराविषयी इंग्रज अधिकाऱ्यांचे ग्रंथ पुष्कळ आहेत; परंतु झाशीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या एका सामान्य मराठी माणसाने काय पाहिले, हे जाणून घ्यायचे तर या पुस्तकाकडेच यावे लागते.

दुसरे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. त्यांचा जन्म १८६३ साली वरसईलाच झाला. मराठ्यांचा इतिहास परक्यांच्या लेखणीतून वाचायचा नसेल, तर मूळ कागद मिळवले पाहिजेत, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला. हे कागद ग्रंथालयात नव्हते. ते जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांत, रुमालांत बांधलेले, वाळवीच्या तोंडी पडलेले होते. राजवाडे गावोगाव पायी हिंडले, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करून राहिले, दारोदार जाऊन लोकांची मनधरणी केली. १८९८ मध्ये त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला आणि ही माला पुढे बावीस खंडांपर्यंत गेली.

एकाजवळ पैसा नव्हता, दुसऱ्याने पैशाची पर्वा केली नाही. एक योगायोगाने इतिहासाच्या मध्यभागी जाऊन पोहोचला, दुसरा हेतुपुरस्सर इतिहासाच्या शोधात निघाला. दोघांत साम्य एवढेच की दोघांनी उंबरठा ओलांडला आणि जे पाहिले ते लिहून ठेवले. प्रवासाला देशाटनाची प्रतिष्ठा मिळते ती या दोन गोष्टींनी.

परिव्राजकाला दिसलेला देश

१८९२ साली मुंबईहून पुण्याला येणाऱ्या आगगाडीत लोकमान्य टिळकांच्या डब्यात एक तरुण संन्यासी बसला होता. तो लोकमान्यांच्या घरी आठ-दहा दिवस राहिला. नाव विचारले तेव्हा आपण संन्यासी आहोत एवढेच त्याने सांगितले. पुढे शिकागोची वार्ता आली तेव्हा तो पाहुणा स्वामी विवेकानंद होता हे उलगडले. पुण्यानंतर कोल्हापूर, बेळगाव, गोवा असा मार्ग काढीत स्वामीजी त्याच वर्षाच्या डिसेंबरात कन्याकुमारीला पोहोचले. तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचेही नव्हते. संस्थानिकाच्या महालात आणि गरिबाच्या झोपडीत ते सारख्याच मनाने राहिले होते. शिकागोच्या व्यासपीठावरून १८९३ मध्ये जो आत्मविश्वास प्रकट झाला, त्याच्या मागे ग्रंथांचा अभ्यास होता, गुरूची कृपा होती आणि काही वर्षांची ही पायपीटही होती. भारताविषयी बोलणाऱ्याने भारत पाहिलेला होता.

एक प्रश्न बरोबर घ्यावा

अर्थात प्रत्येक विद्यार्थ्याने संन्यासी व्हावे किंवा संशोधक व्हावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पंधरा दिवसांच्या प्रवासालाही अध्ययनाचे रूप देता येते. त्यासाठी निघताना स्थळांची यादी करण्याऐवजी एक प्रश्न बरोबर घ्यावा.

उदाहरणार्थ, पुण्यश्लोक अहल्यादेवींनी आपल्या राज्याच्या सीमेबाहेर इतकी बांधकामे का केली, हा प्रश्न घ्या. त्यांचा जन्म ३१ मे १७२५ चा, म्हणजे जयंतीही सुट्टीतच येते. जामखेड तालुक्यातील चौंडी या जन्मगावापासून आरंभ करावा. तेथून वेरूळला यावे आणि लेणी पाहून झाल्यावर घृष्णेश्वराच्या मंदिरापाशी थांबावे; त्याचा जीर्णोद्धार अहल्यादेवींच्या काळातील. तेथून नर्मदाकाठी महेश्वरला जावे. ज्या राज्यकर्तीने काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, गयेला विष्णुपद मंदिर बांधले, सोमनाथला पूजेची व्यवस्था पुन्हा लावली, तिचा स्वतःचा वाडा किती साधा होता हे तेथे दिसते. घाटावरच्या दगडी पायऱ्या पाहाव्यात, हातमागावर साडी कशी उतरते ते विणकराजवळ बसून पाहावे. काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर ही नावे मग नकाशावर विखुरलेली राहत नाहीत. त्यांना जोडणारा धागा हाती लागतो. राजकीय सत्ता अनेक तुकड्यांत विभागलेली असताना हा देश एक आहे, हे भान कोणी आणि कसे टिकवले, याचे उत्तर विद्यार्थ्याला त्या दगडांतून मिळते.

किंवा त्याहून जवळचा प्रश्न घ्या. गडावर पाणी कोठून येत होते? रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गड बांधण्याआधी तेथे पाणी आहे की नाही ते पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, असा दंडक सांगितलेला आहे. ते वाचून राजगडावर किंवा रायगडावर जावे. पावसाळ्यात धबधबे पाहायला गर्दी करणाऱ्यांना जे दिसत नाही ते मे महिन्यात दिसते. टाक्यांतील पाणी खाली गेलेले असते आणि खडक कसा कोरला, पाणी कोठून कोठे वळवले, हे उघडे पडते. रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवराज्याभिषेक झाला, तोही उन्हाळा सरण्याचा काळ. एवढ्या माणसांना आणि जनावरांना ऐन उन्हाळ्यात गडावर पाणी कसे पुरवले असेल, असा विचार मनात आला की घोषणा देऊन परतणाऱ्या पर्यटकाचा अभ्यासक होऊ लागतो. मात्र उन्हाळ्यात गड चढण्याचे नियम पाळावेत. पहाटे निघावे, दुपारी बारा ते चार सावली सोडू नये, पुरेसे पाणी बरोबर ठेवावे आणि नेलेली प्रत्येक बाटली व पिशवी परत खाली आणावी. महाराजांच्या गडावर कचरा टाकून महाराजांचा जयजयकार करणे हा दांभिकपणा होय.

हॉटेलात नव्हे, घरात

प्रवासाचा दुसरा कस मुक्कामाचा. हॉटेलची खोली सगळीकडे सारखीच असते. घर मात्र प्रत्येक प्रांतात वेगळे असते. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी १९६०च्या दशकात हे ओळखले आणि ‘आंतरराज्य छात्र जीवन दर्शन’ हा प्रकल्प सुरू केला. ईशान्य भारतातील विद्यार्थ्यांना अन्य प्रांतांत आणायचे आणि तेथील कुटुंबांत ठेवायचे, ही त्याची साधी पद्धत. नागा किंवा खासी तरुण मराठी घरातील पंगतीला बसतो तेव्हा त्या घरातील मुलांचे भूगोलाचे पुस्तक जिवंत होते. पाहुणा घरी गेल्यावर सांगतो की दूरच्या प्रांतात एक आई आपली वाट पाहते. भाषणांनी जे साधत नाही ते अशा एका जेवणाने साधते.

या प्रवाहाला उलट दिशाही हवी. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात जावे. माजुली या नदीतील बेटावर श्रीमंत शंकरदेवांच्या परंपरेतील सत्रे पाहावीत. शंकरदेवांनीही बारा वर्षे तीर्थाटन केले होते. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्राशी परिचय असलेल्या कोकणी मुलाला अरुणाचलात लोहित नदीवर परशुराम कुंड आढळते, तेव्हा त्याच्या मनातील अंतरे एकदम कमी होतात. तेथे जाण्यासाठी ‘इनर लाइन परमिट’ घ्यावे लागते, पाऊस आपल्याकडच्या आधीच सुरू होतो आणि रस्ते खचतात. म्हणून पूर्वतयारी हवी. परक्या घरी राहताना समोर येईल ते कृतज्ञतेने स्वीकारावे, तेथील रीतींची चेष्टा करू नये आणि तेथील भाषेतील निदान दहा शब्द शिकून यावेत. उपदेश करायला जाऊ नये, शिकायला जावे.

नवे काही जवळही असते

सर्वांनाच लांबचा प्रवास शक्य नसतो. शेतकऱ्याच्या मुलाची सुट्टी मशागतीत जाते, अनेक विद्यार्थी फीची रक्कम जमवण्यासाठी दुकानात उभे राहतात. त्यांच्या सुट्टीला कमी लेखण्याचे कारण नाही. उलट श्रमाचा जो अनुभव त्यांना सहज मिळतो तो शहरी विद्यार्थ्याने मुद्दाम मिळवावा. आठ दिवस शेतावर राहून भल्या पहाटे कामाला लागावे. गावच्या विहिरीत जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकावे. कुंभाराच्या चाकावर हात मातीत घालावा. आपल्या गावातील जुन्या विहिरी, बारव, वीरगळ यांची नोंद करावी. वृद्धांना विचारून शेतांची आणि ओढ्यांची जुनी नावे लिहून घ्यावीत. मोडी लिपी शिकावी. राजवाडे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी मोडीच्या शिक्षणाकडे लक्ष दिले आहे. असंख्य मोडी कागद अजून वाचले गेलेले नाहीत आणि ते वाचणारी माणसे थोडी आहेत. संघाच्या आणि परिषदेच्या कामात सुट्टीत विस्तारक म्हणून अनोळखी गावी जाऊन राहण्याची जी प्रथा आहे, तिचेही मर्म हेच. ओळख नसलेल्या गावात स्वतःची ओळख निर्माण करण्याचे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही.

पालकांचे आक्षेप

पालकांच्या मनात तीन शंका असतात आणि त्या रास्त आहेत. पहिली खर्चाची. रेल्वेचा साधा डबा, एस.टी., धर्मशाळा आणि परिचितांची घरे यांवर भागवायचे ठरवले तर तयार सहलीच्या खर्चाच्या एका अंशात प्रवास होतो, शिवाय काटकसरीचे शिक्षण मिळते. दुसरी परीक्षांची. प्रवेशपरीक्षांची स्पर्धा कठीण आहे, यात शंका नाही. पण सहा आठवड्यांपैकी दहा दिवस काढल्याने कोणाचे भवितव्य बुडत नाही. तिसरी सुरक्षिततेची, विशेषतः मुलींबाबत. त्यावर उपाय पूर्वतयारीचा आहे, बंदीचा नाही. चार-पाच जणींनी मिळून निघावे, मुक्काम आधी निश्चित करावा, रोज ठरल्या वेळी घरी कळवावे. जिजाऊंचे आणि अहल्यादेवींचे पोवाडे गाणाऱ्या समाजाने आपल्या लेकींना नजीकच्या गडावर जाण्यासही मनाई करावी, ही विसंगती दूर झाली पाहिजे.

या सर्वांत पणाला काय लागले आहे, याचा विचार अखेर केला पाहिजे. आजचा विद्यार्थी उद्या अधिकारी होईल, अभियंता होईल, वैद्य होईल, पत्रकार होईल. ज्या वाडीत तो कधी राहिला नाही तिच्या पाण्याची योजना तो कागदावर आखील. ज्या प्रांतात पाऊल टाकले नाही त्याच्याविषयी मत देईल. ज्या वनवासी बांधवांच्या ताटात तो कधी जेवला नाही त्यांच्या विकासाचा आराखडा काढील. स्वतंत्र देशातील पुष्कळ योजना सद्हेतूने आखूनही फसल्या, त्यामागील एक कारण आखणाऱ्यांनी तो देश पाहिलेला नव्हता हे आहे. मातृभूमीवर भक्ती असणे पुरेसे नाही. तिची ओळखही असावी लागते. ओळखीवाचूनची भक्ती घोषणेपुरती राहते.

म्हणून या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही घ्यावी. पहिल्या पानावर एक प्रश्न लिहावा, शेजारच्या गावाविषयीचा असो वा ब्रह्मपुत्रेच्या काठचा. परत आल्यावर ती वही घरात, शाखेत, वर्गात चार जणांना वाचून दाखवावी. जूनमध्ये महाविद्यालये पुन्हा उघडतील तेव्हा ‘सुट्टीत काय केलेस?’ या प्रश्नाला त्या वहीची पाने उत्तर देतील.

भारत माता की जय!