खडकांत साठलेले हवामान
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



हैदराबादकरांपुढे खडकांविषयी बोलताना प्रारंभासाठी दूर जावे लागत नाही. गोवळकोंड्याचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, ती ग्रॅनाइटची आहे. त्यातील गुलाबी व पांढरट कण फेल्स्पारचे, काचेसारखे दिसणारे गारेचे. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून पावसाचे पाणी किंचित आम्ल होते. ते गारेचे फारसे काही बिघडवीत नाही. परंतु फेल्स्पारमधील सोडियम, कॅल्शियम व पोटॅशियम धुऊन नेते आणि मागे चिकणमाती उरते. हेच रासायनिक विदारण. उष्ण व ओलसर हवेत ते जोमाने चालते, थंड किंवा कोरड्या हवेत मंदावते. म्हणूनच गाळ जेथे साचतो, तेथे त्या काळच्या हवामानाची नोंदही साचते.

ही नोंद अंकांत वाचण्याची रीत १९८२ मध्ये नेसबिट आणि यंग यांनी कॅनडातील २०० कोटी वर्षांहून जुन्या खडकांच्या अभ्यासातून मांडली. ॲल्युमिनियम सहसा जागा सोडत नाही, उरलेली तीन मूलद्रव्ये निघून जातात. यावरून काढलेला निर्देशांक ताज्या ग्रॅनाइटमध्ये ५०च्या आसपास, तर पूर्ण विदारणानंतरच्या केओलीन मातीत १०० असतो.

आता प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातील गाळाचे थर तळापासून पाहू. सर्वांत खाली सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे तालचीर थर आहेत. चंद्रपूरजवळ इरई नदीकाठी त्यांच्याखालच्या चुनखडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत, आणि तालचीर वालुकाश्मातील फेल्स्पार बरेचसे ताजे राहिले आहे. त्यावरील बराकर थरांत दगडी कोळसा सापडतो. तेथील फेल्स्पार पुष्कळ ठिकाणी पांढऱ्या मातीत बदललेले दिसते. बर्फ ओसरून ओलावा आणि वनराई आल्याची ही साक्ष. आणखी वर, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या मलेरीच्या लाल मातीत चुनखडीचे खडे आढळतात. ओल्या ऋतूमागून कडक कोरडा ऋतू येत असला पाहिजे, असे ते सुचवितात.

मात्र येथे उतावीळपणा कामाचा नाही. केवळ लाल रंग पाहून वाळवंट मानणे चूक ठरेल. गाळातील कण अधिक जुन्या गाळातून आलेले असू शकतात. गाडल्या गेलेल्या थरांत मागाहून पोटॅशियम शिरते आणि निर्देशांक फसवा होतो. शिवाय बदल झाला तो पृथ्वीचे तापमान पालटल्यामुळे की आपला भूखंड दक्षिण ध्रुवाकडून उत्तरेस सरकल्यामुळे, हे एकटा खडक सांगत नाही. जीर्ण पोथीचा पाठ ठरविताना आपण अनेक प्रती ताडून पाहतो. येथेही ओरखडे, कण, माती आणि जीवाश्म यांची साक्ष जुळवावी लागते.

हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. विदारणात हवेतील कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. पृथ्वी तापली की विदारण वाढते आणि तो वायू कमी होऊ लागतो. निसर्गाची ही तोल सावरण्याची व्यवस्था खरीच; पण तिला लक्षावधी वर्षे लागतात. बराकर थरांत कोट्यवधी वर्षे गाडलेला कार्बन आपण काही पिढ्यांत जाळून हवेत सोडीत आहोत. खडक आपला तोल सावरतील, या भरवशावर आपल्या नातवंडांना ठेवता येणार नाही.