काथ्याने शिवलेली नौका मस्कतला

पांझरेचे पाणी तापीतून सागरास मिळते, एवढाच देवपूरचा समुद्राशी संबंध असे कोणासही वाटेल. पण खान्देशाच्या वेशीवर, अजिंठ्यात, पाचव्या शतकातील चित्रकाराने शिडांचे जहाज रंगवून ठेवले आहे. त्याच चित्रावरून गोव्यात ‘कौंडिण्य’ घडले. जुना आराखडा कोठेच नव्हता. केरळचे बाबू शंकरन व त्यांच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. इंजिन नाहीच. ही विद्या जाणणारे हात आता फार थोडे उरले आहेत, ही खरी चिंता!

२९ डिसेंबर २०२५ रोजी नौदलाच्या खलाशांनी पोरबंदर सोडले. चौकोनी शिडांना वारा पाठीशी लागतो. तो पडला की वाट पाहणे आले. हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांवर पश्चिमेस जावे, नैर्ऋत्य वाऱ्यांवर परतावे, हे आपल्या तांडेलांचे जुने पंचांग. १४ जानेवारी २०२६ रोजी, मकरसंक्रांतीस, नौका मस्कतला पोहोचली. तेथील जुन्या बंदरावर जलाली आणि मीरानी हे पोर्तुगीज अमलातील दोन किल्ले आजही उभे आहेत. ओमानींनी १६५० मध्ये त्या सत्तेस हुसकावले. कच्छी भाटियांच्या पेढ्या मात्र त्या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. त्यांच्या पूर्वजांच्या वाटेने आलेल्या या नौकेवर बंदरात पाण्याचे फवारे उडवून स्वागत झाले.