अग्नीला पुरून उरणारे सिरॅमिक

ज्या भट्टीत पोलादाचे पाणी होते तिच्या अस्तराच्या विटा मात्र अविचल राहतात, हे ठाऊक असूनही असल्या उष्णतासह सिरॅमिक पदार्थांच्या हवाली वेगवान यंत्राचा एखादा भाग करण्याचे धाडस अभियंत्यांनी दीर्घकाळ केले नाही, याचे कारण त्या पदार्थांचा ठिसूळपणा होय. धातूला तडा गेला, तर त्याच्या टोकाशी धातू किंचित ताणला जाऊन तड्याचा जोर जिरवतो. सिरॅमिकमधील अणुबंधांना अशी मुभाच नसल्यामुळे सूक्ष्म चीरही क्षणार्धात आरपार जाते.

मातीच्या भिंतीत भुसा कालवावा त्याप्रमाणे सिरॅमिकमध्ये सिरॅमिकचेच तंतू गुंफावेत, ही कल्पना सुचण्यास सोपी. परंतु तसे तंतू आणावयाचे कोठून? जपानमधील तोहोकु विद्यापीठाचे सेइशी याजिमा यांनी १९७५ साली त्याची तजवीज केली. सिलिकॉन व कार्बन यांच्या एका बहुवारिकाचा धागा ओढून, तो प्रखर तापवून, त्यांनी केसाहूनही बारीक असा सिलिकॉन कार्बाइडचा तंतू सिद्ध केला.

तथापि या विद्येचे खरे मर्म तंतूत नसून त्याच्यावरील बोरॉन नायट्राइडच्या अतिशय पातळ लेपात आहे. तंतू भोवतालच्या घनाशी एकजीव झाला तर दोघेही एकदमच मोडतात. लेपामुळे मात्र चालून आलेला तडा तंतूपाशी वळतो, तंतू आपल्या जागी घसरतो आणि तड्याची शक्ती घर्षणात खर्ची पडते.

२०१६ साली प्रवासी सेवेत रुजू झालेल्या ‘लीप’ या जेट इंजिनात टर्बाइनच्या पात्यांभोवतीचे कडे या संमिश्राचे आहे. निकेलच्या मिश्रधातूच्या सुमारे एकतृतीयांश घनतेचा हा पदार्थ सुमारे १३०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकाव धरतो. त्याला थंड ठेवण्यासाठी हवा कमी लागते आणि इंधन वाचते. ज्वलनातील वाफ मात्र त्याचे संरक्षक सिलिकेचे कवच हिरावून नेते, म्हणून वर विरल मृदा धातूंच्या सिलिकेटाचा लेप द्यावा लागतो.

सामर्थ्य केवळ काठिण्यात नसून तडा पडल्यावरही भार पेलण्यात आहे, हा या संशोधनाचा निर्वाळा होय. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी पदार्थविज्ञानाच्या या शाखेकडे गांभीर्याने वळावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.