चुकलेली गोळी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या शाळेत मी भाषेचा एक अभ्यासक म्हणून उभा आहे. वैद्यक हा माझा विषय नव्हे. तरीही एचआयव्हीबाधितांचे औषध मध्येच का सुटते, या प्रश्नाकडे मला भाषेनेच नेले. ‘गोळी चुकली’ असे आपण म्हणतो. गाडी चुकते तशीच गोळी चुकते. पण ऐकणाऱ्याच्या मनात ‘चूक’ उमटते आणि ती रुग्णाच्या पदरी पडते.

एप्रिल २००४ पासून आपल्या देशात ही औषधे सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळू लागली. त्या काळच्या गोळ्या बहुधा दिवसातून दोनदा घ्याव्या लागत. त्यांतील स्टॅव्ह्युडीनने कित्येकांच्या हातापायांना मुंग्या येत, गाल खोल जात. जो आजार लपवायचा, तो औषधच चेहऱ्यावर उमटवी. आज ते औषध मागे पडले असून बहुतेकांना डोल्युटेग्राविरयुक्त एकच गोळी रोज पुरते. मग अडते कोठे?

आपल्या सियागंजातला एखादा हमाल डोळ्यांपुढे आणा. किराण्याची पोती उतरवली तरच त्याला मजुरी. औषधाला पैसा पडत नाही. पण ते आणायला गेला की दिवसाची कमाई बुडते. रात्री चौघांबरोबर एका खोलीत निजताना त्याने डबी ठेवावी कोठे? ‘कसली रे गोळी?’ या एका प्रश्नाच्या धास्तीने ती बाहेर निघतच नाही. पुढे प्रकृती सुधारली की ‘आता कशाला?’ असेही वाटू लागते. विषाणू मात्र काही पेशींत दडून असतो. खंड पडला की पुन्हा वाढतो आणि कधी त्याच औषधाला दाद देईनासा होतो.

उलट, नेमाने औषध घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके कमी झाले व तसेच राहिले, तर लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. हे घरोघरी कळले तर निम्मे भय ओसरेल. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरीतील भेदभावास त्याने मनाई केली. परंतु शेजारी निजणाऱ्याच्या नजरेवर कायद्याचा अंमल चालत नाही. तेथे संस्कारच हवा, आणि तो शाळेनेच द्यावयाचा असतो.

म्हणून एकच विनंती. कोणी गोळी घेताना दिसला, तर कारण विचारू नये. पाण्याचा पेला पुढे करावा. गुरुजींचे स्मरण याहून निराळे काय असणार?