पहाटेचा अनपेक्षित हुकूम

(सैन्य व पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या गोंदिया जिल्ह्यातील युवक-युवतींसमोर केलेले भाषण)



गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, कोठेही पहाटे रस्त्यावर यावे, तर भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतात. भूदल आणि पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर, पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि राज्य राखीव पोलीस बलासाठी ५ किलोमीटर धावावे लागते. अंतर ठाऊक असल्याने आरंभी किती जोर लावावा आणि अखेरीस किती राखावा, याचा हिशेब मन आधीच करते.

भरती झाल्यावर हा हिशेब पुरत नाही. आपल्याच लोहमार्गावरील कामठीस गार्ड्स रेजिमेंटचे आणि बेळगावास मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र आहे. अशा केंद्रांत पहाटे पी. टी.साठी तुकडी उभी राहते, तेव्हा उस्ताद आज काय करवून घेतील, हे जवानास पुष्कळदा ठाऊक नसते. ‘दौडके चल’ असा हुकूम होतो. ‘थम’ केव्हा येईल ते सांगता येत नाही. कधी दौड, कधी दोरावर चढणे, तर कधी सोबत्यास खांद्यावर घेऊन धावणे. संपले असे वाटावे, तोच आणखी एक फेरी!

यात उस्तादांची लहर नसते. शत्रू किंवा पूर वेळापत्रक पाहून येत नाही. शेवट ठाऊक नसतानाही श्वास आणि चित्त स्थिर ठेवण्याची सवय मैदानावरच लागते. शिवाय अशा वेळी एकट्याचे घड्याळ निरुपयोगी ठरते. मागे पडणाऱ्यास सोबत आणणे हीच तुकडीची परीक्षा असते. धानाच्या बांधीत रोवणी करणारी ओळ एकमेकींचा वेग सांभाळून सरकते. ही शिस्त आपल्या घरची आहे.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. अनिश्चितता शिकणाऱ्यास असते, शिकविणाऱ्यास नसावी. कोणाचा भार कितपत वाढवावा, विश्रांती केव्हा द्यावी, हे उस्तादांना आधीच ठाऊक असले पाहिजे. त्यासाठीच पुण्याच्या भूदल शारीरिक प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षक तयार केले जातात. भार एकाएकी वाढविल्यास नडगीच्या हाडास सूक्ष्म तडे जातात; उष्म्यात अतिश्रम केल्यास प्राणावरही बेतते. ज्यात हे भान नाही तो व्यायाम नव्हे, तो नुसता रगडा होय. त्यात एका होतकरू मुलाची भरती आणि त्याच्या घराची आशा, दोन्ही बुडू शकतात.

म्हणून आपणांस विनंती अशी, की एकेकट्याने धावू नका. गावात दहा-बारा जणांचा गट करा. जाणकार माजी सैनिक असल्यास त्यांना मार्गदर्शनासाठी बोलवा. आठवड्यातून दोन दिवस क्रम त्यांनी ठरवावा आणि तो आपणांस आधी सांगू नये. अंतर हळूहळू वाढवावे, उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी आटोपावे, पाणी जवळ ठेवावे. चक्कर आली वा हाड दुखू लागले, तर तत्काळ थांबावे. त्यात कमीपणा नाही. आणि शेवटचा सोबती पोहोचल्याखेरीज कोणीही मैदान सोडू नये.

असे गट गावोगावी उभे राहिले, तर ज्यांची निवड होईल ते पहिल्या दिवसापासून सज्ज असतील. आणि ज्यांची होणार नाही तेही संकटकाळी गावाच्या कामी येतील.

जय हिंद! जय महाराष्ट्र!