नऊशेंच्या बाहेरची मुलं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू इतकी वर्षं अमेरिकेत आहेस, तिकडचं काहीतरी सांग. फक्त कॉम्प्युटरवर बोलू नकोस, तुझ्या आधीचे तिघेही त्याच्यावरच बोलणार आहेत." म्हणून मी बेसबॉलवर बोलणार आहे. मागच्या रांगेतून उसासा आलेला मला ऐकू आला. घाबरू नका, नियम शिकवत नाही. चेंडू टाकतो तो पिचर, आणि मैदानाबाहेर भिरकावलेला फटका म्हणजे होमरन, एवढ्यावर तुमचं भागेल. बाकी लागेल तसं सांगते.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो, रॅले आणि डरहॅम या दोन शहरांच्या मध्ये. डरहॅमला 'डरहॅम बुल्स' नावाचा जुना संघ आहे. १९८८ साली त्याच्यावर 'बुल डरहॅम' हा सिनेमा आला आणि ते नाव सगळीकडे पोचलं. त्यांच्या मैदानात डाव्या बाजूच्या उंच भिंतीवर एक मोठा बैल उभा केलेला आहे. कुणी होमरन मारला की त्याचे डोळे लाल होतात, नाकातून धूर निघतो, शेपटी हलते. त्याच्यावर लिहिलंय, बैलाला चेंडू मारा आणि स्टेक जिंका. खाली गवत रंगवलंय, तिथे लिहिलंय, गवताला मारा आणि सॅलड जिंका. आमच्या घरी सगळे शाकाहारी, त्यामुळे आम्ही कायम गवताच्या बाजूनं.

हा बुल्स म्हणजे सर्वांत वरचा, टीव्हीवर दिसणारा संघ नव्हे. तो टॅम्पा बे रेज या मोठ्या संघाच्या हाताखालचा. अमेरिकेत मोठ्या लीगचे संघ ३०, आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर चार संघ, म्हणजे १२०. शिवाय अगदी नवख्यांचे संघ वेगळे, त्यांतले काही डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये. या सगळ्या उतरंडीला तिकडे 'फार्म सिस्टिम' म्हणतात. सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी १९२०च्या दशकात ही पद्धत बसवली. तयार खेळाडू विकत घ्यायला पैसे नाहीत, तर आपणच पेरू, असा साधा हिशोब. आपल्याकडे रोपवाटिका असते ना, तशी. आणि रोपवाटिकेत जी गोष्ट सगळ्यात जास्त होते तीच इथेही होते: विरळणी. वर ३० संघांत प्रत्येकी २६ जागा, म्हणजे ७८०. खाली पाच हजारांहून जास्त मुलं.

आता या पाच हजारांची बातमी कोण देतं? १९८१ साली कॅनडात ॲलन सिम्पसन नावाच्या गृहस्थांनी आपल्या गॅरेजमधून 'बेसबॉल अमेरिका' हे नियतकालिक सुरू केलं, ते पुढे डरहॅमलाच आलं. मोठी वर्तमानपत्रं ज्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हती त्या खालच्या संघांबद्दल हे लोक लिहीत. १९९०पासून ते देशातल्या पहिल्या शंभर उमेदवार खेळाडूंची यादी काढतात. नंतर दरवर्षी एक जाडजूड पुस्तकही निघायला लागलं. प्रत्येक संघाचे ३० होतकरू, म्हणजे एकूण ९०० मुलं, प्रत्येकाबद्दल एकेक परिच्छेद. स्काउट लोक मुलांना २० ते ८० या मापानं गुण देतात, ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू. फटका, ताकद, धाव, झेल, फेक, सगळं या मापात.

या पत्रकारांबद्दल मला आदर आहे. चार तास गाडी हाकून कुठल्याशा गावच्या मैदानात बाकावर बसून ते बघतात, प्रशिक्षकांशी बोलतात, वहीत लिहून घेतात. यादी चुकते म्हणून त्यांना हसणं सोपं आहे. २००६च्या यादीत ब्रँडन वूड देशात तिसरा होता. आदल्याच वर्षी खालच्या लीगमध्ये त्यानं ४३ होमरन मारले होते, कोण नाही म्हणेल? मोठ्या लीगमध्ये त्याची सरासरी .१८६ राहिली, आणि बेसबॉलमध्ये .२५०ला लोक बरा म्हणतात, यावरून अंदाज करा. उलट व्हेनेझुएलाचा होझे अल्टुवे. उंची पाच फूट सहा इंच. निवड चाचणीतून त्याला, बुटका आहेस, म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला. १५,००० डॉलरवर करार झाला, जिथे नावाजलेल्या मुलांना लाखांत मिळतात. २०१७ साली तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आणखी एक सांगते. मे २०१४, न्यूयॉर्क मेट्सनं दोन नवे पिचर वर बोलावले. सगळ्या बातम्या राफाएल माँटेरोच्या, कारण तो पहिल्या शंभरांत होता. दुसरा जेकब डिग्रॉम, नवव्या फेरीत घेतलेला, कोपराची शस्त्रक्रिया होऊन परतलेला. त्याला सुरुवातीपासून टाकायला बोलावलंही नव्हतं. दुसऱ्या एकाला दुखापत झाली म्हणून १५ मे रोजी त्याला तो मान मिळाला. त्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि २०१८ व २०१९ला सर्वोत्तम पिचर.

टाळ्या वाजवायला या गोष्टी फार छान. पण खरं सांगू का, मला त्यांची जरा चीड येते. या गोष्टींतून असं वाटायला लागतं की ज्याच्यात खरं काही आहे तो शेवटी वर येतोच. दुसऱ्याचं दुखलं म्हणून डिग्रॉमला संधी मिळाली. ज्यांच्या वेळी कुणाचं दुखलं नाही, त्यांची गोष्ट आपण कुठे ऐकतो? संधी कशी वाटली जाते ते बघा. ज्या मुलाला करारावर वीस लाख डॉलर दिलेत तो सलग तीन महिने अपयशी ठरला तरी संघ थांबतो, कारण पैसे गुंतलेत, वर यादीत नाव आहे, आणि सोडून दिला तर वर्तमानपत्रं विचारतील. ज्याला पाच हजार दिलेत त्याला तीन आठवडे पुरतात. त्याला सोडला तर विचारणारं कोणी नाही. म्हणजे यादी नुसती अंदाज सांगत नाही, ती थोडी स्वतःला खरीही करून घेते. आपल्या सभागृहाबाहेरच्या लाकडी फळ्यावर आपल्या तुकडीतली दोन नावं सोनेरी अक्षरांत आहेत. दोघेही समोर बसलेत, रागावू नका. तुम्ही हुशार होतातच. पण पहिल्या बाकावर कोणाला बसवायचं हे आठवीतच ठरलेलं होतं, एवढं तुम्हीही मान्य कराल.

२०१८ आणि २०१९ असे दोन हंगाम आमच्या घरी एक मुलगा राहायला होता. आमच्यापासून चाळीस मिनिटांवर एका लहान गावात एक संघ होता, खालून मधल्या पायरीचा. तेव्हा अशा खेळाडूंना आठवड्याला २९० डॉलर मिळत, तेही फक्त हंगामापुरते. त्यात भाडं निघत नाही. म्हणून गावोगावची कुटुंबं एकेका मुलाला घरात ठेवून घेत. आमची मुलगी कॉलेजला गेली होती, तिची खोली रिकामी होती. हा नेब्रास्काच्या शेतकरी घरातला, तेवीस वर्षांचा, डावखुरा पिचर, सामन्याच्या मध्येच येऊन एखाद-दोन डाव टाकणारा. चौतिसाव्या फेरीत घेतलेला. त्या नऊशेंच्या पुस्तकात त्याचं नाव नव्हतं. त्याची स्वतःचीही तशी अपेक्षा नव्हती. पोहे त्याला आवडायचे, पण त्यावर तो केचप घालायचा. ते बघायला नको म्हणून मी पाठ फिरवायची.

त्याची आजी दर रात्री फोन करून विचारायची, आज काय झालं? गावच्या वर्तमानपत्रात पूर्वी या संघाबरोबर फिरणारा एक वार्ताहर असे. ती जागा केव्हाच बंद झाली होती. छापून यायचा तो फक्त आकड्यांचा चौकोन. मग मी आजीला रोज चार ओळी पाठवायला लागले. तुमच्यापैकी काहींना आठवेल, आंतरशालेय सामन्यांना सरांनी मला गुणलेखनाला बसवलं होतं, अक्षर बरं होतं म्हणून. ती सवय कामाला आली.

त्या चार ओळींमुळे मला कळलं की आकड्यांचा चौकोन किती कमी सांगतो. २०१९च्या जून-जुलैत याचे आकडे भयंकर होते. दर नऊ डावांना साडेसहा धावा. कोणीही कागद बघून म्हणेल, हा संपला. पण झालं होतं असं की वरून हुकूम आला होता, तुझा हळू येणारा चेंडू, ज्याला चेंज-अप म्हणतात, तो कच्चा आहे, दोन महिने तोच टाक, मार खाल्लास तरी चालेल. मुलगा रोज शहाण्यासारखा मार खायचा. फार्म सिस्टिममध्ये असं सर्रास चालतं, कारण तिथे सामना जिंकणं दुय्यम, शिकवणं मुख्य. ते वाईटही नाही. पण हुकूम चौकोनात छापला जात नाही. ऑगस्टमध्ये चेंज-अप बसला. एकदा तिन्ही बेसवर प्रतिस्पर्धी उभे, एकही बाद नाही, अशा वेळी याला आणलं. एक धाव गेली, दोन एकदम बाद झाले, मग तिसरा. गेलेली धाव नियमाप्रमाणे आधीच्या पिचरच्या खात्यात. यानं सामना वाचवला होता, आणि चौकोनात त्याच्यापुढे एक डाव आणि एक भोपळा, बस. आजीला त्या रात्री चारऐवजी दोन पानं लिहिली.

मे २०२०च्या अखेरीस, कोविडमुळे हंगाम सुरूच झाला नव्हता तेव्हा, देशभर शेकडो खेळाडूंना एकदम सोडून देण्यात आलं. त्यांत हाही होता. फोनवर चार मिनिटं. चेंज-अप बसल्यावर त्यानं टाकलेले डाव होते अकरा.

पुढच्याच वर्षी, २०२१ला, मोठ्या लीगनं खालची उतरंड आखडून १२० संघांवर आणली. आधी १६० होते. गावोगावची मैदानं एका फटक्यात तुटली. आणि खेळाडू निवडण्याच्या फेऱ्या, ज्या ४० होत्या, त्या २० केल्या. माइक पियाझा हा १९८८ साली ६२व्या फेरीत, १,३९०वा निवडला गेला होता, तोही ओळखीच्या प्रशिक्षकाच्या शब्दाखातर. २०१६ला तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. आमच्या डरहॅमला खेळून गेलेला केविन कियरमायर ३१व्या फेरीतला. क्षेत्ररक्षणाचे चार गोल्ड ग्लव्ह त्याच्या नावावर आहेत. आज हे दोघेही निवडीच्या यादीत बसले नसते.

पगाराची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तिच्यावर इतकी वर्षं फारच थोड्या पत्रकारांनी लिहिलं. यादीत कोण वर चढला यावर रकाने भरत होते. तोच मुलगा सहा जणांत एक खोली घेऊन हवेच्या गादीवर झोपतोय, ही क्रीडापानाची बातमी नव्हती. २०१४ साली ॲरन सेनी आणि इतर माजी खेळाडू किमान वेतनासाठी कोर्टात गेले. २०१८ला संसदेनं दोन हजारांहून अधिक पानांच्या खर्चाच्या विधेयकात एक कलम घालून या खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यातून जवळजवळ बाहेरच काढलं. तरी खटला चालला आणि २०२२ला १८.५ कोटी डॉलरवर मिटला. त्याच वर्षी राहण्याची सोय संघांवर आली, आणि सप्टेंबरमध्ये खालच्या लीगचे खेळाडू मोठ्यांच्या युनियनमध्ये दाखल झाले. २०२३च्या पहिल्या करारात आमच्या मुलाच्या पायरीचा वार्षिक पगार ११,००० डॉलरवरून २७,३०० झाला. याला तीन वर्षं उशीर.

हे सगळं ऐकताना तुम्हाला पद्माकर शिवलकर आठवले असतील. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि एकही कसोटी नाही. अमोल मुझुमदार, ११,१६७ धावा, एकही कसोटी नाही. २०२५ला त्यांनी प्रशिक्षक म्हणून भारताच्या मुलींना विश्वचषक जिंकून दिला, तेव्हा कुठे घराघरांत नाव झालं. तिकडचे तसे गृहस्थ म्हणजे माइक हेसमन. एकोणीस हंगाम खालच्या लीगमध्ये, ४३३ होमरन, अमेरिकेतल्या खालच्या लीगमधला विक्रम. मोठ्या लीगमध्ये १०९ सामने आणि १४ होमरन. पण शिवलकरांचं नाव निदान मुंबईच्या प्रत्येक मैदानावर होतं. हेसमनचं नाव विक्रमाच्या त्या एका दिवशी पानावर आलं आणि गेलं.

आपल्याकडच्या दोन मुलांचंही हेच. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, २००८ साली 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेतून पिट्सबर्ग पायरेट्सनं घेतलेले. करार झाला त्या दिवशी आपल्या पेपरांत फोटो. २०१४ला डिस्नेचा सिनेमा आला तेव्हा पुन्हा फोटो. दिनेश २०१०ला परत आला. रिंकू २००९ ते २०१२ असे चार हंगाम खेळला, २०१२चा जवळजवळ पूर्ण हंगाम वेस्ट व्हर्जिनियाच्या संघात टाकला. मग कोपर गेलं. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात वीर महान म्हणून ओळखला गेला. त्या २०१२च्या हंगामात कुणी भारतीय वार्ताहर त्या मैदानाच्या बाकावर बसला असता तर मला फार आवडलं असतं. खरी बातमी तेव्हा घडत होती.

आमचा मुलगा आता नेब्रास्कात शाळेच्या मुलांना पिचिंग शिकवतो आणि वडिलांबरोबर मका लावतो. आजी गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या सामानात मी पाठवलेल्या त्या ओळी छापून, क्रमानं लावून, एका फाइलमध्ये ठेवलेल्या सापडल्या. त्यानं मला त्याचा फोटो पाठवला. ज्या वहीवरून मी त्या लिहिल्या, ती गुणवही सोबत आणली आहे, मागच्या टेबलावर ठेवते. सर, तुमच्या पद्धतीनंच ठिपके आहेत, फक्त षटकं नाहीत. चहाच्या वेळी बघा, आणि बटाटेवड्याचे हात पुसून मग उघडा.